लक्षद्वीप : कोणतं बेट निवडावं?

लक्षद्वीपात 36 बेटं. एकूण क्षेत्रफळ जेमतेम 32 चौरस किलोमीटर, वस्ती फक्त 10 बेटांवर. सगळी प्रवाळाची, समुद्रापासून काही मीटरच वर. डोंगर नाहीत, नद्या नाहीत. पांढरी वाळू आणि उथळ निळं पाणी जवळपास प्रत्येक बेटाला आहेच, तेव्हा निवड किनाऱ्यावरून नव्हे, माणसांवरून करावी. इथं मिनिकॉय उजवं ठरतं. बाकी बेटांवर मल्याळमची बोली, इथं मालदीवच्या धिवेहीच्या कुळातली महल. उत्तरेला नाइन डिग्री चॅनेल, दक्षिणेला एट डिग्री चॅनेल, त्यापलीकडे मालदीव. दीपगृह 1885चं. टूना जाळ्याविना पकडतात : जिवंत बारकी मासळी पाण्यात सोडायची, वरून पाणी उडवायचं, खवळलेला टूना बिनआमिषाच्या गळानं एकेक करून होडीत ओढायचा. तोच उकडून, धुरी देऊन, वाळवला की 'मास'.

विमान तर अगत्तीला उतरतं, असा आक्षेप येईल. खरं आहे, डायव्हिंगसाठी बंगारमही तिथून जवळ. हातात दोनच दिवस असतील तर तेच बरं. मिनिकॉयला जहाजाचा लांबचा प्रवास आलाच. प्रवेश परवाना मात्र दोन्हीकडे लागतो.