सहलीला गेलेल्या अम्मींनी सहल पाहिलीच नाही

दोन वर्षांपूर्वी १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली म्हणून आम्ही अमरावतीहून चिखलदऱ्याला गेलो. लहानथोर मिळून तेरा माणसे, दोन गाड्या. मुक्कामाचे आरक्षण नव्हते. "तिथं गेल्यावर बघू," असे सगळेच म्हणाले. तिथे गेल्यावर कळले की अर्धा विदर्भ आमच्याआधीच पोहोचला आहे. तीन तास भटकल्यावर दोन खोल्या मिळाल्या, त्याही दुप्पट भावाने. बाहेरच्या जेवणाचा भरवसा नाही म्हणून शेगडी सोबत घेतली होती. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अम्मी, त्या शेगडीजवळ बसल्या आणि दोन दिवस तिथेच राहिल्या. आम्ही आळीपाळीने पॉइंट बघून आलो, फोटो काढले, भिजून परतलो. दर वेळी गरम पराठे तयार होते.

घरी आल्यावर मुले मोबाईलवर फोटो दाखवत होती. अम्मींनी मला हळूच विचारले, "बेटा, भीमकुंड दिखने को कैसा है?"

चिखलदऱ्यात दोन रात्री राहून आलेल्या बाईने मला हा प्रश्न विचारला. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक कुणा एकाची नव्हती. आम्ही गाड्या ठरवल्या, कपडे ठरवले, पण अम्मींची सहल कशी होणार हे कुणीच ठरवले नव्हते. गेल्या वर्षी पुन्हा निघालो तेव्हा उलट्या टोकाने सुरुवात केली. त्यातून जे शिकलो, ते आपल्यासारख्या घरांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

आधी मशवरा, मग मुक्काम

तीन माणसे सफरला निघाली तर त्यांनी एकाला अमीर करावे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आपल्याकडे अमीर म्हणजे गाडी चालवणारा असा समज झालेला असतो. आम्ही मोठ्या दिरांना अमीर केले आणि एकच जबाबदारी दिली. घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला झेपेल तेवढाच कार्यक्रम ठेवायचा. अम्मींचे गुडघे दुखतात, साखरेचा त्रास आहे. धाकट्या जावेचे बाळ दहा महिन्यांचे. या दोघांना जे जमेल, ते बाकीच्यांना जमणारच होते.

पैशाचेही आधी बोललो. जूनपासून एक डबा ठेवला. ज्याला जमेल त्याने बंद पाकिटात टाकायचे, पाकिटावर नाव नाही. आमच्या एका भावाचा धंदा त्या वर्षी मंदावला होता. त्याला कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही आणि त्याच्या मुलांना घरी बसावे लागले नाही.

कधी जावे

मेळघाटाचे जंगल पानगळीचे, त्यात सागच जास्त. उन्हाळ्यात ते उघडेबोडके दिसते आणि ऊन सोसत नाही. पावसाळ्यात धुके आणि धबधबे सुंदर, पण गर्दी फार, घाट निसरडा, आणि गाभा क्षेत्रातली सफारी साधारणपणे बंद असते. डिसेंबर-जानेवारीत थंडी म्हाताऱ्यांना बोचते. आम्ही दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा निवडला, तोही शनिवार-रविवार सोडून. जंगल हिरवे होते, नाले वाहत होते, दर आवाक्यात होते.

मुक्काम ठरवताना विचारायचे प्रश्न

या वेळी दोन रात्री सेमाडोहला राहायचे ठरले. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी वन विभागाचे हे संकुल आहे. राहायला कुट्या आणि मोठ्या खोल्या आहेत. त्याच रस्त्यावर पुढे कोलकासचे विश्रामगृह आहे, नदीच्या वळणावर उंचावर बसलेले. आरक्षण ऑनलाइन होते. प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र जवळ ठेवावे लागते.

फोटो बघून खोली ठरवू नका. फोन करून विचारा. कमोड आहे की भारतीय पद्धतीचा संडास? खोलीपर्यंत किती पायऱ्या? गरम पाणी कोणत्या वेळेला? वीज गेली तर काय? स्त्रियांसाठी वेगळी खोली मिळेल का? गाडी दारापर्यंत जाते का? आम्हाला कळले की एका खोलीत कमोड नाही. ती खोली आम्ही मुलांना दिली. हा एक प्रश्न विचारला नसता तर अम्मींचे दोन दिवस हालात गेले असते.

औषधांची पिशवी वेगळी ठेवा, सामानात दाबू नका. घाटात उलटी होणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा, निघताना पोटभर खाऊ घालू नका. जंगलात मोबाईलची रेंज कुठे असते, कुठे नसते. म्हणून जवळचा दवाखाना कुठे आहे हे पोहोचताच विचारून कागदावर लिहून ठेवा आणि मुक्कामाचा पत्ता घरी कुणाकडे तरी देऊन जा.

शेगडी घरीच ठेवली

हलालच्या काळजीपोटी आपण अख्खे स्वयंपाकघर सोबत नेतो आणि ते स्वयंपाकघर कुणीतरी बाईच चालवते. या वेळी सोपा मार्ग काढला. पहिल्या दिवसाचे जेवण घरून: शामी कबाब, पराठे, आंब्याचे लोणचे. नंतरचे दोन्ही दिवस मुक्कामावरच्या माणसांना आदल्या दिवशी सांगून साधे शाकाहारी जेवण. वरण-भात, भाकरी, पिठले. दोन दिवस गोश्त खाल्ले नाही तर काही बिघडत नाही. परतताना परतवाड्यात मनासारखे जेवलो.

सकाळचा चहा पुरुषांनी करायचा, दस्तरखान मुलांनी अंथरायचा आणि उचलायचा, असेही आधीच ठरले होते. माझ्या नववीतल्या मुलाने पहिल्याच दिवशी कुरकुर केली. अमीरसाहेबांनी स्वतः ताटे उचलायला घेतली, मग तो गप्प उठला.

नमाज आणि पाणी

हनफी फिकहनुसार साधारण ७८ किलोमीटरपेक्षा लांबचा सफर असेल तर कसरची सवलत आहे. तपशील आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. किब्ला दाखवणारे छोटे होकायंत्र, दोन चटया आणि वजूसाठी एक बदना सोबत ठेवला की अडचण येत नाही. नोव्हेंबरात मगरिब लवकर होते. त्यामुळे असरनंतर लांब फिरायला जायचे नाही, हा नियम आपोआप पाळला गेला आणि जंगलात तो हवाच.

जंगल हे कुणाचे तरी घर आहे

१९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. इथे वाघ, बिबट, अस्वल, गवा आहेत. अंधारात आवाराबाहेर जायचे नाही, मुलांना एकटे सोडायचे नाही, वानरांना खायला द्यायचे नाही, शेकोटी परवानगीशिवाय पेटवायची नाही, गाणी लावायची नाहीत. कचऱ्याची पिशवी परत घरी आणायची.

ही भूमी कोरकूंचीही आहे. त्यांच्या अंगणात शिरून फोटो काढणे आपल्याला आपल्या दारात आवडेल का, एवढे मुलांना विचारले तरी पुरते.

गाविलगडाचा धडा

तिसऱ्या दिवशी सेमाडोहहून चिखलदऱ्याला आलो. मुलांना रबडी हवी होती, मला गाविलगड दाखवायचा होता. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ मध्ये हा किल्ला बांधला, पुढे इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क याने १४८८ मध्ये त्याची डागडुजी केली. आत मोठी मशीद आहे, आता पडझड झालेली. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला घेतला. पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपणारा वऱ्हाडचा इतिहास मुलांनी हात लावून पाहिला. अम्मी दरवाज्यापाशीच थांबल्या. तेही ठरलेले होते. प्रत्येक ठिकाणी एक मोठे माणूस पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसणार, म्हणजे कुणी अडकून पडत नाही आणि त्या एकट्या राहत नाहीत.

शेवटी भीमकुंड. पाण्याची धार बारीक झाली होती. मोठे दीर आणि माझा मुलगा यांच्या हाताच्या आधाराने अम्मी कठड्यापर्यंत आल्या. खाली खोल दरी, समोर काळा कडा. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग "सुब्हानअल्लाह" म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या, "इतना गहरा है? तूने बताया नहीं था."

खरे आहे, मी सांगितले नव्हते. सांगून कळण्यासारखे ते नव्हतेच.

आता सुट्ट्यांची यादी लागेल तेव्हा आपल्या घरीही बेत सुरू होतील. गाडी, हॉटेल, कपडे हे सगळे नंतर ठरवा. मागच्या सहलीत घरातल्या कोणत्या माणसाने काहीच पाहिले नाही, हे आधी आठवा आणि कुठे जायचे ते त्याला विचारा.