गुप्त पाणीगळती : शोध आणि दुरुस्ती

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी तापी नदी खानदेशची भूमी ओलांडून सुमारे ७२४ किलोमीटरच्या प्रवासानंतर सुरत शहराजवळ अरबी समुद्राला मिळते. याच नदीच्या पाण्यावर सुरत शहराची तहान भागते. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून कामधंद्यासाठी गेलेली सहस्रावधी मराठी कुटुंबे त्या शहराच्या उधना, लिंबायत व डिंडोली या भागांत स्थायिक झालेली आहेत. एकेकाळी गाव असलेली डिंडोली आज सुरत महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट लोकवस्ती आहे. नदीतून उचललेले, गाळलेले व निर्जंतुक केलेले पाणी अशा वस्तीतील घरापर्यंत पोचविण्यास मोठा खर्च व श्रम लागतात. तथापि, घराच्या दाराशी आलेले हे पाणी नळापर्यंत पोचण्यापूर्वीच जमिनीत किंवा भिंतीत मुरून जात असेल, तर तो सारा खटाटोप व्यर्थ ठरतो.

उघड्या नळाची धार सर्वांना दिसते आणि कोणीतरी उठून तो बंद करतो. परंतु फरशीखालील सांध्यातून, भिंतीतील नळीतून वा भूमिगत टाकीच्या तड्यातून होणारी गळती महिनोन् महिने लक्षात येत नाही. तिच्यामुळे पाण्याचा नाश होतो हे खरे. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या छिद्रातून स्वच्छ पाणी बाहेर जाते त्याच छिद्रातून घाण पाणी आतही येऊ शकते. म्हणून गळतीचा प्रश्न हा काटकसरीचा आहे, तसाच तो आरोग्याचाही आहे.

गळतीचे मोजमाप

थेंबाथेंबाने जाणाऱ्या पाण्याची किंमत सहसा कोणी करीत नाही. ठिबकणाऱ्या नळाखाली पाव लिटरचा पेला ठेवला आणि तो पंधरा मिनिटांत भरला, तर तासाला एक लिटर, दिवसाला २४ लिटर आणि वर्षाला ८,७६० लिटर पाणी वाया जाते. छिद्र मोठे असल्यास हानीही मोठी असते. गच्चीवरील टाकीतील पाण्याची उंची छिद्रापासून दहा मीटर असेल, तर केवळ तीन मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून तासाला सुमारे दोनशे लिटर पाणी निघून जाते. म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच हजार लिटर. भूमिगत गटारे असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. त्या हिशेबाने हे एक छिद्र पस्तीसहून अधिक माणसांचे पाणी गिळते. ग्रामीण भागासाठी २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने दरडोई ५५ लिटरांचे प्रमाण ठरविले. त्या हिशेबाने तर एका लहान वाडीचे पाणी त्यातून जाते.

गळती कोठे व का होते

सुरतेच्या परिसरात, तसेच खानदेशातही, काळी चिकण जमीन मोठ्या प्रमाणात आहे. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या हालचालीमुळे जमिनीतील नळ्यांच्या सांध्यांवर ताण येतो व ते सैल होतात. काळ्या मातीतून पाणी सावकाश मुरत असल्यामुळे गळलेले पाणी लगेच वर येत नाही. ते नळीच्या कडेकडेने सरकत दूर कोठेतरी प्रकट होते. ओल जेथे दिसते तेथेच गळती असेल, असे म्हणूनच समजू नये.

याखेरीज लोखंडी नळ्यांना लागणारा गंज, प्लॅस्टिकच्या नळ्यांचे घाईने चिकटविलेले जोड, जड वाहनांखाली दबलेल्या नळ्या, भिंतीत खिळा ठोकताना पडलेली भोके, टाकीचा बिघडलेला बॉल कॉक व संडासाच्या फ्लश टाकीतील झिजलेले रबर ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत. बॉल कॉक बिघडला व जादा पाण्याची नळी परस्पर गटारात सोडलेली असली, तर टाकी रोज वाहून जाते आणि कोणालाही पत्ता लागत नाही.

गळतीची चिन्हे

पुढील चिन्हे दिसल्यास गळतीचा संशय घ्यावा. पूर्वी एकदा चालवावी लागणारी मोटार आता दोनदा चालवावी लागते. वापर तितकाच असता पाण्याचे वा विजेचे बिल वाढते. भिंतीचा रंग फुगून पोपडे सुटतात व लोणा चढतो. फरशी एखाद्या ठिकाणी उचलली जाते किंवा खचते. ऐन उन्हाळ्यात अंगणाच्या एकाच पट्ट्यात गवत हिरवे राहते. रात्री सर्व नळ बंद असताना नळीतून सूं असा बारीक आवाज येतो. नळाला प्रथम येणारे पाणी गढूळ असते किंवा त्याला दुर्गंधी येते. यांपैकी शेवटचे चिन्ह सर्वांत गंभीर असून त्याकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये.

भिंतीवरील ओल पावसाची की नळीची, हे ओळखण्यास काळाकडे पाहावे. पावसाळ्यात वाढून उन्हाळ्यात वाळणारी ओल बहुधा बाहेरून येते. स्नानानंतर वाढणारी ओल सांडपाण्याच्या नळीची किंवा मोरीच्या फरशीची असते. बारा महिने सारखी राहणारी ओल मात्र दाबाखालील नळीची समजावी. कारण गच्चीवरील टाकीखालच्या नळ्यांवर रात्रंदिवस दाब असतो.

शोधाची पद्धत

ज्या वस्तीत पाणी ठरावीक वेळी येते, तेथील घरात पाण्याचा मार्ग तीन भागांत विभागलेला असतो : रस्त्यावरील वाहिनीपासून भूमिगत टाकीपर्यंत, भूमिगत टाकी, आणि गच्चीवरील टाकीपासून नळापर्यंत. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासला म्हणजे भिंती व फरश्या विनाकारण फोडाव्या लागत नाहीत.

पहिला भाग तपासताना पाणी येण्याची वेळ साधावी. टाकीपाशी येणारा कॉक पूर्ण बंद करावा आणि या नळीवरील इतर नळही बंद असल्याची खात्री करावी. नळीतील हवा निघून गेल्यावर मीटरचा आकडा टिपून अर्ध्या तासाने पुन्हा पाहावा. काटा पुढे सरकला असेल, तर मीटर व टाकी यांमध्ये गळती आहे. मीटर नसल्यास कॉकजवळच्या नळीला अखंड लाकडी काठीचे एक टोक टेकवून दुसरे टोक कानाशी धरावे. शांत वेळी पाण्याचा सूक्ष्म आवाज काठीतून ऐकू येतो. पाणीपुरवठा खात्यातील अनुभवी कर्मचारी लोखंडी कांबीने याच रीतीने रस्त्याखालील गळती हुडकीत आले आहेत.

दुसऱ्या भागासाठी भूमिगत टाकी भरून तिचे येणारे व जाणारे दोन्ही मार्ग बंद करावेत आणि कोरड्या काठीवर पाण्याची पातळी खुणावी. बारा तासांनी पुन्हा मोजावे. टाकी दीड मीटर रुंद व दोन मीटर लांब असेल, तर एक सेंटिमीटर उतार म्हणजे ३० लिटर पाणी. बारा तासांत इतके गेले, तर वर्षाला २१,९०० लिटर जमिनीत जातात. झाकलेल्या टाकीतील पाण्याची वाफ नगण्य असते. पातळी उतरण्याऐवजी वाढली, तर बाहेरचे पाणी टाकीत शिरत आहे असे समजून ते पिणे ताबडतोब थांबवावे.

तिसऱ्या भागासाठी रात्री सर्व नळ बंद करून गच्चीवरील टाकीची पातळी टिपावी. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर उतार म्हणजे सुमारे आठ लिटर. सकाळी पातळी खाली गेलेली आढळल्यास दुसऱ्या रात्री टाकीच्या बुडाचा व्हॉल्व्ह बंद करून तोच प्रयोग करावा. पातळी आता स्थिर राहिली तर दोष नळ्यांत, अन्यथा टाकीत आहे. नळ्यांत असल्यास एकेका रात्री स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास अशी एकेक शाखा बंद करीत जावे. जी शाखा बंद केल्यावर पातळी उतरणे थांबते, ती शाखा दोषी होय. फ्लश टाकीच्या परीक्षेसाठी तिच्यात थोडी नीळ टाकून अर्धा तास पाणी सोडू नये. भांड्यात निळा रंग उतरल्यास रबर बदलावे.

या साध्या उपायांनी जागा निश्चित न झाल्यास जाणकारांची मदत घ्यावी. आज त्यांच्यापाशी जमिनीतील आवाज मोठा करून ऐकविणारी यंत्रे, भिंतीच्या तापमानातील फरक दाखविणारे कॅमेरे व नळीवर दाब देऊन परीक्षा करण्याची साधने असतात.

दुकाने व कारखाने

उपाहारगृहे, रुग्णालये व यंत्रमागाच्या शाळा यांत पाण्याचा वापर दिवसभर चालू असल्यामुळे गळती वापरात लपून जाते. म्हणून तेथे साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या सायंकाळी व दुसऱ्या सकाळी मीटर वाचावा. काम बंद असतानाही आकडा वाढत असेल, तर तो फरक म्हणजे गळती. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत पाण्याला विशेष मोल आहे. डिंडोलीपासून जवळच असलेल्या पांडेसरा औद्योगिक वसाहतीला बमरोली येथील प्रकल्पातून २०१४ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पुरविले जाऊ लागले. जेथे सांडपाणीही शुद्ध करून विकत घ्यावे लागते, तेथे पिण्याचे पाणी जमिनीत घालविणे कोणालाच परवडणारे नाही.

घाण पाणी आत कसे शिरते

नळीत दाब असतो तोवर पाणी छिद्रातून बाहेर जाते. पुरवठा बंद झाला की नळी रिकामी होते, तिच्यात पोकळी निर्माण होते आणि भोवतालच्या मातीतील पाणी आत ओढले जाते. अरुंद गल्लीत पाण्याची नळी व गटार एकमेकांना लागून गेलेली असतील, तर हे पाणी गटाराचेच असते. कावीळ, विषमज्वर, अतिसार व पटकी हे रोग या मार्गाने घरात येऊ शकतात.

नळाला थेट मोटार जोडून पाणी खेचण्याची प्रथा या संकटात भर घालते. अशी मोटार वाहिनीतील दाब कमी करते आणि आपल्या घराबरोबर शेजाऱ्याच्याही नळीतील छिद्रातून घाण ओढून घेते. एका घराने खेचलेल्या पाण्याचे प्रायश्चित्त गल्लीतील लहान मुलांना भोगावे लागते. मोटार केवळ टाकीतील पाणी वर चढविण्यासाठीच वापरावी.

पाणी शुद्ध आहे की नाही, याची प्राथमिक परीक्षा गावातील जलसुरक्षक ओ.टी. चाचणीने करतो. नळाच्या टोकाशी क्लोरीनचे प्रमाण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते. ते असल्यास पाण्याला पिवळा रंग येतो. रस्त्यावरील पाण्यास रंग आला आणि घरातील नळाच्या ताज्या पाण्यास आला नाही, तर मधल्या नळीविषयी संशय घ्यावा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांची वर्षातून दोनदा पाहणी होऊन जोखमीप्रमाणे हिरवी, पिवळी वा लाल कार्डे दिली जातात. गळक्या वाहिन्या व व्हॉल्व्ह यांची वेळीच दुरुस्ती हा गाव लाल कार्डापासून दूर ठेवण्याचा महत्त्वाचा मार्ग आहे.

दुरुस्ती

ओल आलेल्या भिंतीवर रंग फासणे म्हणजे रोग झाकणे होय. गळक्या सांध्याला रबराची पट्टी वा सुतळी गुंडाळणे हा एका रात्रीचा उपाय आहे. गंजलेल्या लोखंडी नळीचा एक तुकडा बदलल्यास दुसरा लवकरच फुटतो. शक्य असल्यास संपूर्ण शाखा बदलावी. प्लॅस्टिकच्या नळीचा जोड कोरडा व स्वच्छ करून चिकटवावा आणि तो पूर्ण वाळण्यापूर्वी पाणी सोडू नये. भिंत वा फरशी बंद करण्यापूर्वी नळीत पाणी भरून एक रात्र ती उघडी ठेवावी व प्रत्येक सांधा कोरड्या कापडाने पुसून पाहावा. शक्य तेथे नवी नळी भिंतीच्या बाहेरून न्यावी. ती कदाचित शोभून दिसणार नाही, पण तिची गळती दिसेल.

भूमिगत टाकीत एकट्याने कधीही उतरू नये. प्रथम मोटारीची वीज तोडावी, झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्यावी व वर दुसरा मनुष्य उभा करावा. ओल विजेच्या फलकापर्यंत पोचली असल्यास मुख्य बटण बंद केल्याविना भिंतीस हात लावू नये. टाकीचा तडा रुंद करून, साफ करून, पिण्याच्या पाण्यास योग्य अशा जलरोधक मसाल्याने भरावा. त्यानंतर टाकी भरून दर हजार लिटरांस सुमारे १५० ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून टाकावी. हे पाणी रात्रभर ठेवून सोडून द्यावे व टाकी धुऊन मगच वापरास घ्यावी. हे पाणी पिऊ नये.

रस्त्यावरील वाहिनीत दोष असल्यास स्वतः खोदकाम न करता शहरात महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयास व गावात ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. त्यात ठिकाण, वेळ व पाण्याचे स्वरूप नमूद करावे. पाणी गढूळ येत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ते उकळून प्यावे आणि शेजाऱ्यांनाही सावध करावे.

शाळेचा वाटा

पातळी मोजणे, क्षेत्रफळावरून लिटर काढणे व वर्षाचा हिशेब मांडणे हा पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांना सहज जमणारा अभ्यास आहे. सुरतेतील मराठी शाळा असो वा खानदेशातील जिल्हा परिषदेची शाळा असो, शिक्षकांनी प्रथम शाळेच्या टाकीवर व नंतर घरोघरी हा प्रयोग करून घ्यावा. मुलाने वहीत मांडलेला आकडा घरातील मोठ्यांना विचार करावयास लावतो. दर तीन महिन्यांनी एक रात्र टाकीची पातळी टिपण्याची सवय प्रत्येक घराने लावून घेतली, तर भिंतीआडची गळती फार काळ गुप्त राहणार नाही आणि घरात येणारे पाणी नळापर्यंत निर्मळ पोचेल.