डबीतला आवाज

आषाढी एकादशीचा दिवस होता. आम्ही वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात गेलो होतो. ज्यांना पंढरपूरला जाणे होत नाही, असे मुंबईचे पुष्कळ लोक त्या दिवशी इथे येतात. रांग मोठी होती. आमच्या पुढे एक आजी होत्या. त्यांच्या पिशवीतल्या लहानशा डबीतून अभंग ऐकू येत होते.

आजी म्हणाल्या, "अहो, हिच्यात ना तबकडी, ना फीत. मग एवढे अभंग बसलेत कुठं?"

प्रश्न चांगला होता. चला, उत्तर समजून घेऊ या.

आवाज म्हणजे हवेची थरथर. टाळ वाजला की तो थरथरतो. त्याच्याबरोबर हवा थरथरते आणि आपल्या कानाचा पडदा हलवते. मग टाळ ऐकू येतो. माईक ह्याच थरथरीची वीज बनवतो. आवाज चढला-उतरला, की वीजही तशीच कमी-जास्त होते.

ही वीज साठवायची कशी? वडाळ्याजवळच शिवडीची खाडी आहे. खाडीचे पाणी किती चढले ते दर तासाला मोजा आणि वहीत लिहा. भरती कधी आली, ओहोटी कधी लागली, ते वही पाहून सांगता येईल. वहीत पाणी नसते. पाण्याचे आकडे असतात. डबीचेही तसेच आहे. गाणे भरताना यंत्र ती वीज मोजते. किती वेळा? बहुधा एका सेकंदात 44,100 वेळा!

हे आकडे 0 आणि 1 ह्या दोनच अंकांत लिहितात. डबीत नखाएवढी चिप असते. तिच्यात कोट्यवधी बारीक खण असतात. खणात विजेचा भार किती, ह्यावरून 0 की 1 ते ठरते. डबी बंद केली तरी हा भार टिकतो.

पण आकडे फार होतात. मोठा ढोल वाजत असता बारीक किणकिण कानाला कळत नाही. असे न कळणारे गाळून टाकतात. ह्या रीतीला एमपी-थ्री म्हणतात. ती मुख्यतः जर्मनीत तयार झाली. तिच्यामुळे गाण्याला सुमारे अकरावा हिस्सा जागा पुरते. खिशात मावणारी अशी यंत्रे 1998 साली बाजारात आली.

कळ दाबली की उलटा प्रवास होतो. आकड्यांची वीज होते. वीज स्पीकरचा पडदा हलवते. पडदा हवा हलवतो. अभंग ऐकू येतो.

हे ऐकून आजी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आईच्या जात्यावरच्या ओव्या मला पाठ आहेत. माझ्यामागं कोण म्हणणार?"

आम्ही म्हणालो, "आजी, नातवाच्या मोबाइलमध्ये म्हणून ठेवा. त्यातही अशीच चिप आहे."

तुमच्याही घरी ओव्या जाणणारे कोणी असेल. आजच त्यांचा आवाज भरून घ्या. मात्र एकाच जागी ठेवू नका. चिप बिघडली की आकडे जातात, आणि आकडे गेले की आवाज गेला. दुसरी नक्कल वेगळ्या कार्डावर ठेवा. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे.