वांद्र्याची जडणघडण : पाखाडीपासून उच्चभ्रू उपनगरापर्यंत

पश्चिम वांद्र्याच्या आजच्या वलयामागे मूळ वस्ती आहे ती कोळी, शेतकरी आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या, मराठीचीच बोली बोलणाऱ्या ईस्ट इंडियन समाजाची. खाडीच्या मुखावर नजर ठेवणारा वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधला, आणि १७३९ मध्ये साष्टीसह हा मुलूख मराठ्यांकडे आला. मात्र वांद्रे मुंबईला खऱ्या अर्थाने जोडले गेले ते १८४५ मध्ये, लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून माहीमची खाडी ओलांडणारा बांधरस्ता खुला झाला तेव्हा. पुढे रेल्वे आली, आणि १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीतून बाहेर पडू पाहणाऱ्यांना मोकळ्या हवेचे हे ठिकाण अधिकच हवेसे वाटू लागले.

या काळाची खूण रणवार या पाखाडीत, म्हणजे जुन्या गावातील छोट्या वस्तीत, आजही दिसते : अरुंद गल्ली, कौलारू छप्पर, बाहेरून वर चढणारा लाकडी जिना आणि चौकात प्लेगच्या आठवणीने जपलेला क्रूस. चित्रतारकांचे बंगले, उपाहारगृहे आणि २००९ चा सागरी सेतू यांनी वांद्र्याला प्रतिष्ठा दिली हे खरे, तथापि त्याचे खरे वैभव या पाखाड्यांतच आहे, आणि पुनर्विकासाच्या रेट्यात त्या टिकवणे अत्यंत निकडीचे आहे.