विहिरीवरचा अर्धा खोपा

आडसाली लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही गटात फिरत होतो, तेव्हाची गोष्ट. एका वस्तीवर बापलेकाचं वाजलं होतं. बारा-तेरा वर्षांच्या पोरानं विहिरीवरच्या बाभळीतला सुगरण पक्षी गलोलीनं पाडलेला. पिवळ्याधमक डोक्याचा नर. बापानं गलोल चुलीत घातली. पण पोरगं रुसलं होतं ते गलोलीसाठी नव्हे. आम्हांला पाहून म्हणालं, "साहेब, त्याचा खोपा अर्धाच ऱ्हायलाय. आता मादी काय करंल?"

आप्पा गप्प. आम्हीही क्षणभर गप्पच.

मग आम्हांला सलीम अली आठवले. 1896 साली जन्मलेलं हे पोरकं पोर मुंबईत खेतवाडीला मामाकडे वाढलं. मामा शिकारी. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली. दहाएक वर्षांचा असताना त्यानं घरच्या तबेल्यात चिमणीचं घरटं हेरलं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर राखणीला. पोरानं गाडीआड दडून नर टिपला. थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्याच खिळ्यावर बसला. तोही टिपला. सात दिवसांत आठ नर मारले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला! वाचताना अंगावर काटा येतो. पण पोरानं हे सगळं लिहून ठेवलं होतं.

पुढे 1908 च्या सुमारास त्यानं मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. मामालाही ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडलं. मिलार्डसाहेबांनी रागे न भरता पक्षी ओळखून दिला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली, पुस्तकं दिली. पोराचं आयुष्य तिथं वळलं.

1930 साली हातात नोकरी नसताना हेच सलीम अली अलिबागजवळ किहीमला राहिले आणि सुगरणींच्या वसाहतीपुढे तासन् तास बसले. नाव सुगरणीचं, पण घर विणतो नर! भाताची, गवताची, आपल्याकडे उसाचीही हिरवी पात चिरून तो टोपीएवढा खोपा करतो. मादी येऊन पारखते. पसंत पडला तरच तो पुरा करायचा, खाली नळी काढायची. ती अंड्यांवर बसली की गडी दुसऱ्या खोप्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी.

आम्ही पोराला म्हटलं, "अर्ध्या खोप्यात अंडी नसतात, बाळ. पुऱ्या खोप्यात त्याची मादी असेल, तर ती एकटी पिलं वाढवील." पोराचा चेहरा थोडा निवळला, फार नाही.

ज्वारीवर पाखरं पडतात, गोफण फिरवावीच लागते, त्याला आमची ना नाही. पण 1972 च्या कायद्यानं अशी शिकार गुन्हा आहे, हेही आप्पांच्या कानावर घातलं. आणि नोंदवहीतली चार कोरी पानं फाडून पोराला दिली.

परवा आमचा चिटबॉय तिकडून आला. त्याच्या हाती पोरानं एक पान धाडलं आहे: "खोपे नऊ. पुरे तीन. तिसऱ्यात पिलं वरडत्यात, मादी आळ्या आणती. अर्धा हाय तसाच हाय."