बॉबलिंगेनचा पेंग्विन आणि अडून बसलेली मॉड्यूल्स

मुंबईचं जर्मनीतलं भगिनी शहर स्टुटगार्ट. त्याच्या शेजारचं बॉबलिंगेन नकाशावर चटकन सापडत नाही, पण लिनक्सच्या इतिहासात त्याचं स्थान पक्कं आहे. सुरू होतानाच लिनक्सचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडायचा तुकडा, अडलं तर काय बघायचं, हे या गावाच्या गोष्टीतून झकास कळतं.

मेनफ्रेमवर पेंग्विन
इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरांनी एस/३९० मेनफ्रेमवर लिनक्स चालवून दाखवलं आणि डिसेंबर १९९९मध्ये त्याचा कोड खुला केला. पुढे मार्टिन श्विडेफ्स्की यांनी तो २०१९मध्ये निधन होईपर्यंत निगुतीनं सांभाळला.

सोर्स नाही, नुसती बायनरी
सुरुवातीला क्यूडीआयओ, क्यूईटीएच हे नेटवर्कसाठी लागणारे ड्रायव्हर सोर्सशिवाय मिळत. ज्या कर्नलसाठी बांधले, त्याच कर्नलवर चालत. कर्नल बदलला की नेटवर्क गुल! पुढे सोर्स खुला झाला, पण हीच तक्रार आजही कुठल्याही लिनक्सवर भेटते: ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’. मॉड्यूलच्या पोटात ‘व्हरमॅजिक’ नावाची एक ओळ असते. तिच्यात आधी कर्नलची आवृत्ती, मग ‘एसएमपी’, ‘मॉड_अनलोड’ अशा खुणा. मॉडइन्फोनं ती वाचा आणि ‘युनेम -आर’शी ताडून बघा. जुळत नसेल, तर चालू कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधा.

किल्ली कुलपाच्या आत
मेनफ्रेमच्या ईसीकेडी प्रकारच्या डिस्कसाठी ‘डीएएसडी_ईसीकेडी_मॉड’ लागतं. ते फक्त त्याच डिस्कवर असेल, तर डिस्क उघडणार कशी? म्हणून असं मॉड्यूल इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे बूट होताना आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल सिस्टीममध्ये हवं. इथे आणखी एक गंमत आहे. मेनफ्रेमचा बूटलोडर ‘झिपल’ फायलींची नावं शोधत बसत नाही, त्या डिस्कच्या कुठल्या ब्लॉकवर आहेत ते टिपून ठेवतो. इनिटरामएफएस नवा केलात की झिपल पुन्हा चालवाच, नाहीतर जुनीच नोंद वापरली जाईल.

आहे, पण दिसत नाही
‘नो सच डिव्हाइस’ आलं म्हणजे हार्डवेअर बिघडलंच असं नाही. मेनफ्रेमवर ‘सीआयओ_इग्नोर’च्या यादीतली उपकरणं कर्नल चक्क दुर्लक्षित करतो. उपकरण त्या यादीतून काढलं की ड्रायव्हरला ते दिसू लागतं.

एका नावानं सगळी लाल
बूट होताना सिस्टिमडी ‘मॉड्यूल्स-लोड.डी’मधली मॉड्यूल्सची नावं वाचतं. त्यातलं एकही चुकलं, तरी मॉड्यूल्स चढवणारी सगळी सेवाच ‘फेल्ड’ दिसते. बाकीची मॉड्यूल्स मात्र बहुतेक वेळा व्यवस्थित चढलेली असतात. आडवी रेघ की अंडरस्कोर, याची चिंता नको. मॉडप्रोबला दोन्ही सारखेच.

अनोळखी सिम्बॉल
‘अननोन सिम्बॉल’ दिसलं की आधी लागणारं दुसरं मॉड्यूल चढलेलं नाही, अशी शंका घ्या. इन्समॉड सोबती शोधत नाही. मॉडप्रोब शोधतो, तोही डेपमॉडनं बनवलेल्या यादीवरून. यादी शिळी असेल तर डेपमॉड पुन्हा चालवा.

ब्लॅकलिस्ट अर्धीच
ब्लॅकलिस्टमध्ये टाकलेलं मॉड्यूल आपोआप चढत नाही. पण कुणी नाव घेऊन मॉडप्रोब केलं, तर चढतं!

त्यामुळे लाल अक्षरं दिसताच लगेच सिस्टीम पुन्हा टाकायला बसू नका. आधी ‘जर्नलसीटीएल -बी -के’ चालवा आणि संदेशातला शब्द न् शब्द वाचा. आवृत्ती, सोबती, उपकरण की इनिटरामएफएस, अडचण नेमकी कुठे आहे याचा धागा बहुतेकदा तिथेच हाती लागतो.