नोकरी सांभाळून मॅरेथॉन : आधी झोपेचा हिशेब करा

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरची शर्यत. एके काळी हा प्रकार लष्करातील, पोलीस दलातील आणि महाविद्यालयांतील खेळाडूंपुरताच समजला जाई. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये आणि साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन २०१२ मध्ये. पुढे शिक्षक, बँक कर्मचारी, व्यापारी, डॉक्टर, गृहिणी अशी सर्व थरांतील मंडळी पहाटे रस्त्यावर धावताना दिसू लागली. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र दिवसभर राबून शर्यतीची तयारी करणाऱ्यांपैकी अनेक जण शर्यतीआधीच गुडघा, टाच किंवा नडगीचे दुखणे घेऊन डॉक्टरांकडे जातात. अशा वेळी बुटांना किंवा रस्त्याला दोष दिला जातो. आपल्या दिनक्रमाकडे पाहण्याचे मात्र राहून जाते.

वेळ येतो कोठून?

आठवड्याचे तास १६८. सहा दिवसांची नोकरी आणि जाण्या-येण्याचा प्रवास मिळून साठ तास धरू. रोज सात तासांप्रमाणे झोपेचे एकोणपन्नास. उरले एकोणसाठ तास. त्यांत जेवणखाण, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, घरातील आजारी माणसांची देखभाल, लग्नकार्ये हे सारे आले. पहिल्या मॅरेथॉनच्या तयारीला आठवड्याला साधारण पाच तास पुरतात. म्हणजे कागदावर वेळ मिळतो. प्रत्यक्षात मात्र नोकरदार माणूस रात्री साडेअकराला अंथरुणाला पाठ टेकतो आणि साडेचारचा गजर लावतो. धावण्याचे तास असे झोपेतून काढले जातात आणि दुखण्याची सुरुवात येथेच होते.

धावताना स्नायूंच्या तंतूंची बारीक झीज होते आणि हाडांवर ताण येतो. ही झीज नंतरच्या विश्रांतीत, विशेषतः गाढ झोपेत, भरून निघते आणि तसे होताना शरीर पूर्वीपेक्षा बळकट होते. झोपच अपुरी असेल तर आधीची झीज भरून येण्यापूर्वी नवी सुरू होते. मग स्नायूबंध सुजतात, नडगी दुखू लागते, प्रसंगी पायाच्या हाडाला बारीक तडाही जातो. दिवसभर उभे राहून शिकवणे, यंत्रावर काम करणे किंवा एस.टी.त उभ्याने प्रवास करणे हासुद्धा शरीरावरचा ताणच आहे. तोही सरावाच्या हिशेबात धरावा लागतो.

आठवड्याचे वेळापत्रक

नोकरदार माणसाला चार दिवसांचे धावणे पुरेसे आहे. सोमवारी पूर्ण विश्रांती. मंगळवारी ४५ मिनिटे सावकाश धावावे. बुधवारी घरीच वीस मिनिटे बैठका, टाचा उचलणे आणि पोटाचे व्यायाम. गुरुवारी ५० मिनिटे, त्यांतील मधली वीस मिनिटे थोड्या वेगाने. शुक्रवारी पुन्हा विश्रांती. शनिवारी अर्धा तास अगदी सावकाश आणि रविवारी लांब पल्ला.

सावकाश म्हणजे किती, तर सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे इतके. एकेक शब्द तोडून बोलावे लागत असेल तर वेग जास्त आहे असे समजावे. रविवारचे अंतर आठ-दहा किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला एक-दोन किलोमीटरने वाढवावे. दर चौथ्या आठवड्याला ते मुद्दाम कमी करावे. शर्यतीच्या तीन आठवडे आधी २८ ते ३२ किलोमीटरपर्यंत पोहोचून पुढे सराव उतरता ठेवावा.

मुंबईची शर्यत जानेवारीत असते. वीस आठवड्यांची तयारी धरली तर ऑगस्टअखेर प्रारंभ करावा लागतो. म्हणजे गणपती, ऑक्टोबरचा उकाडा आणि दिवाळी या साऱ्यांतून सराव न्यायचा आहे. ते दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवावेत आणि विश्रांतीचे आठवडे तेथे बसवावेत. ज्यांनी पूर्वी कधीच धावण्याचा सराव केलेला नाही, त्यांनी पहिल्या वर्षी १० किलोमीटर, नंतर अर्धमॅरेथॉन आणि मगच पूर्ण मॅरेथॉन असा क्रम ठेवावा.

एक दिवस चुकला तर तो सोडून द्यावा. बुडालेला सराव शनिवार-रविवारी एकदम भरून काढण्याच्या नादात इजा होते. रात्री झोप साडेपाच-सहा तासांच्या आत झाली असेल, तर त्या दिवशी धावणे रद्द करून फक्त चालावे. रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळी संपवून थेट लांब पल्ल्याला जाऊ नये. आधी झोप काढावी, मग धावावे.

जपानी कर्मचाऱ्याचे उदाहरण

युकी कावाउची हा जपानमधील सैतामा प्रांताचा सरकारी कर्मचारी. पूर्णवेळ नोकरी करून त्याने २०१८ मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकली. थंडी, पाऊस आणि समोरून येणारा वारा अशा स्थितीत त्याने २ तास १५ मिनिटे ५८ सेकंद अशी वेळ नोंदवली. व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा सराव करतात. नोकरीत असताना कावाउची बहुतेक दिवशी एकदाच सराव करी. २०१९ मध्ये नोकरी सोडून तो व्यावसायिक धावपटू झाला. त्याचा वेग आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. मात्र उपलब्ध वेळेत बसेल तेवढाच सराव नियमाने करण्याची त्याची पद्धत कोणाही नोकरदाराला उचलता येईल.

घरच्यांचाही वाटा

रविवारचे तीन तास एकट्याचे नसतात. तेवढा वेळ घरातील दुसरे कोणीतरी काम सांभाळत असते. म्हणून तयारी सुरू करण्याआधी घरच्यांशी बोलून कामांची वाटणी करावी. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची अडचण अधिक मोठी असते. पहाटेची वेळ डबे, नळाचे पाणी आणि मुलांच्या शाळेत जाते. घरातील पुरुषांनी आठवड्यातून चार सकाळी ही कामे उचलली, तरच त्यांचा सराव शक्य होतो. अंधारात एकटीने धावण्यापेक्षा गटाने किंवा मैदानावर धावावे. स्त्रियांनी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे. ते कमी असेल तर सराव वाढवूनही दमच लागत राहतो.

आहार आणि पाणी

धावण्यापूर्वी केळे किंवा थोडी राजगिऱ्याची चिक्की पुरते. स्नायूंतील व यकृतातील साखरेचा साठा साधारण ३० किलोमीटरच्या पुढे संपत येतो. म्हणून दीड तासापेक्षा अधिक धावताना मधूनमधून लिंबू-साखर-मिठाचे पाणी किंवा खजूर घ्यावा. मधुमेहींनी याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धावून आल्यावर तासाभरात दूध, अंडी किंवा उसळ-भाकरी असा आहार घ्यावा. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. गरजेपेक्षा फार जास्त पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून जिवाला धोका होऊ शकतो. दुखणे दाबण्यासाठी वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मूत्रपिंडांना अपायकारक आहे.

कोणी थांबावे?

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असणाऱ्यांनी सराव सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. तापात धावू नये. काही विषाणूजन्य तापांत हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. धावताना छातीवर दाब जाणवला, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच थांबून रुग्णालय गाठावे. पित्त झाले असेल असे म्हणून घरी बसू नये. हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर धावणे बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

तयारीचा विचार असणाऱ्यांनी पहिले दोन आठवडे एका वहीत रोज झोपण्याची आणि उठण्याची वेळ लिहावी. सरासरी सात तासांच्या आसपास येत असेल तर बूट खरेदी करावेत. येत नसेल तर आधी रात्रीचा दूरदर्शन संच आणि मोबाइल लवकर बंद करण्याचा सराव करावा. शर्यत दर वर्षी असते. एक वर्ष उशिराने धावले तरी चालेल.